मोटारीची दिशा कुणाच्या हातात

मोटेवर दिशा बैलांच्या पायांत होती. धाव उताराची असायची. बैल खाली उतरले की नाडा ताणला जायचा, चामड्याची मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात रिती व्हायची. मग तेच बैल पाठमोरे धाव चढायचे आणि मोट पुन्हा विहिरीत उतरायची. एक चाल सुलटी, एक उलटी, असं सकाळपासून दुपारपर्यंत. पुढं ओढायला कुठलाही धड बैल तयार होतो, पण ओझं नसताना न बिचकता मागं चालायला तो शिकवावा लागतो. तसा शिकलेला बैल बाजारात दोन पैसे जास्त आणायचा, असं माझे वडील सांगत. भडगावच्या शिवारात जामद्याच्या पाटाचं पाणी ज्या जमिनींना पोचत नव्हतं, त्यांची बागायत या दुहेरी चालीवर उभी होती. वडिलांनी मोट हाकली. मी जळालेल्या मोटारी भरत आलो.

आमच्याकडे पाण्याचा इतिहास सांगायचा म्हटला की माणसं धरणापासून सुरुवात करतात, खांबांवर येतात आणि हॉर्सपॉवरवर थांबतात. मला तो दिशेवरून सांगावासा वाटतो. पाणी वर आणणारी वस्तू कोणत्या बाजूनं फिरते, आणि ती बाजू बदलायची असली तर कुणाकडं जावं लागतं, यावरून शेतकरी आणि त्याचं यंत्र यांच्यातलं अंतर मोजता येतं. ते अंतर माझ्या डोळ्यांदेखत वाढलं.

मोटेनंतर इंजिन आलं. किर्लोस्करांनी 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, आणि पुढच्या वीसेक वर्षांत गिरणाकाठच्या विहिरींवरून इंजिनांचा ठोका ऐकू यायला लागला. इंजिन एकाच अंगानं फिरतं. पंप कधी त्याच अंगाचा असायचा, कधी नसायचा. तेव्हा पट्ट्याला एक पीळ द्यायचे. सरळ पट्टा असला की दोन्ही पुल्या एकाच बाजूनं फिरतात, मध्ये पीळ दिला की दुसरी पुली उलटी. ना पाना लागायचा, ना कारागीर. पीठगिरणीतही हीच युक्ती होती आणि तिथं तिची गरज जास्त होती, कारण जात्याच्या दगडाला टाकी लावतात ती एका दिशेला धरून लावतात. दगड उलटा फिरला तर पीठ कडेला सरकत नाही, मध्येच कोंडतं, तापतं, आणि त्याची भाकरी चिवट होते. गिरणीवाला पट्ट्याचा पीळ काढायचा किंवा घालायचा, काम झालं. दिशा तेव्हा उघड्यावर होती, हात लावता येईल अशी.

मग वीज. 20 जून 1960 ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. 1968 मध्ये भुसावळजवळ दीपनगरचा पहिला संच सुरू झाला, 1969 मध्ये नाशिक जिल्ह्यात पांझणचं गिरणा धरण पुरं झालं, आणि त्याच वर्षी दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ उभं राहिलं, ज्याच्या कर्जावर देशभर शेतीपंपांच्या जोडण्या झाल्या. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ. विहिरी खोल गेल्या, आणि खोल विहिरीवर मोट चालत नाही. आमच्या भागात मोट सुटली ती विजेच्या हौसेनं कमी आणि पाणी खाली गेल्यामुळं जास्त, असं माझं मत आहे.

शेतात आली ती थ्री फेज मोटार. तिच्या पंपाच्या बिडाच्या अंगावर ओतकामातच बाण उठवलेला असतो. मोटार त्या बाणाप्रमाणं फिरली पाहिजे. उलटी फिरली तरी पाणी त्याच पाइपातून वर येतं, पण कमी येतं, कारण इम्पेलरची पाती पाठीच्या बाजूनं पाणी ढकलतात. दाब बनत नाही. पुष्कळ पंपांचं इम्पेलर धरणारं नट उलट्या फिरण्यानं सैल होतं, ते वेगळंच. डीपीवर काही दुरुस्ती झाली आणि तारा अदलाबदल होऊन बसल्या, की त्या डीपीवरच्या एकूण एक मोटारी एका क्षणात उलट्या. सकाळी सकाळी दुकानाच्या पायरीवर माणूस उभा असायचा, “आप्पा, मोटर फिरी रायनी पन पानी येत नही.” उपाय त्याला तिथंच सांगता यायचा. मेन बंद कर, स्टार्टरमधल्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपसांत बदल. पुढच्या वेळी तो विचारायला येत नसे.

तीन फेजांमध्ये दिशा तारेतूनच येते. तिन्ही तारांतला प्रवाह एकामागून एक चढतो, आणि मोटारीच्या पोटात चुंबकाचं क्षेत्र त्याच क्रमानं गोल फिरतं. दोन तारा बदलल्या की क्रम उलटा आणि क्षेत्र उलटं. अशी पिंजऱ्याच्या रोटरची थ्री फेज मोटार 1889 साली जर्मनीत दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की या इंजिनिअरनं बनवली. आमच्या शिवारात आजही जी फिरते ती त्याच घराण्यातली.

सिंगल फेज मोटारीचं तसं नाही, आणि आमचा धंदा इथं सुरू होतो.

सिंगल फेज शेतातून आली नाही, घरातून आली. छताचा पंखा, परसातल्या आडावरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, वर्कशॉपातला ग्राइंडर. ज्यानं शेतातली मोटार स्वतः सुलटी केलेली, तो माणूस घरच्या पंपाचा प्लग उपटून उलटा खोचायचा, आणि मोटार होती त्याच अंगानं फिरायची. बोर्डातल्या दोन तारा बदलायचा, तरी तीच. तो मोटार खांद्यावर टाकून दुकानात आणायचा आणि म्हणायचा, हिच्यात काही बिघाड आहे. बिघाड काही नसायचा.

माझे उस्ताद, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते अमळनेरच्या प्रताप मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात हाताखाली काम करून भडगावला आले होते. शाळा फार नाही, पण मोटारीचं ज्ञान नितळ. त्यांनी मला हे शिवणयंत्रावर समजावलं. पायानं पट्टी दाबायची ती फक्त वरखाली होते, तिच्या त्या हलण्यात उजवं-डावं काही नाही. तरी चाक फिरतं. कोणत्या अंगानं? हातानं चाकाला पहिला हिसका ज्या अंगाला दिला त्या अंगानं. हिसका चुकीचा दिला तर चाक तितक्याच आनंदानं उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. एक फेजचा प्रवाहही असाच वरखाली होतो, सेकंदाला पन्नास वेळा, आणि एकट्या वायंडिंगमध्ये त्याचं चुंबक जागच्या जागी धडधडतं. थांबलेल्या रोटरला ते दोन्ही बाजूंना सारखंच ओढतं, म्हणून रोटर हलत नाही, नुसता हुंकारतो. पुस्तकात हेच दोन विरुद्ध दिशांनी फिरणारी अर्ध्या ताकदीची दोन क्षेत्रं असं लिहिलेलं असतं. पुढं ते वाचल्यावर मला नानांचं शिवणयंत्रच आठवलं.

हा पहिला हिसका देण्यासाठी मोटारीत दुसरी वायंडिंग भरतात. जाड तारेची ती रनिंग, बारीक तारेची ती स्टार्टिंग. स्टार्टिंगच्या कॉइली रनिंगच्या बरोबर मधल्या खाचांत बसतात, आणि तिच्या वाटेत कंडेन्सर घातला की तिच्यातला प्रवाह रनिंगच्या आधी चढतो. एकाच फेजमधून दोन प्रवाह, एक पुढं आणि एक मागं, झाले. क्षेत्राला गोल फिरायला तेवढं पुरतं. ट्युरिनच्या गॅलिलिओ फेरारिसनं 1885 मध्ये दोन वेगवेगळ्या वेळी चढणाऱ्या प्रवाहांनी फिरतं क्षेत्र तयार करून पाहिलं, आणि 1888 च्या मार्चमध्ये ते तिथल्या विज्ञान अकादमीपुढं मांडलं. त्याच वर्षी मे महिन्यात निकोला टेस्लाला अमेरिकेत त्याच्या मोटारीचे पेटंट मिळाले, आणि एकाच फेजचे असे दोन भाग पाडण्याच्या मोटारीवरही त्यानं काम केलं. चांगले कंडेन्सर मिळायला मात्र पुढं कितीतरी वर्षं गेली. तोवर सिंगल फेजच्या दमदार मोटारी ब्रशांच्या असायच्या. त्यांना रिपल्शन मोटार म्हणत. तिचे ब्रश थोडे सरकवले की दिशा बदलायची. ब्रशांची पकड धरून इकडून तिकडं फिरवायची, तारेला हातही न लावता. नाना त्या मोटारीबद्दल फार आदरानं बोलत.

तर दिशा बदलायची म्हणजे या हिशेबात काय करायचं? स्टार्टिंगची दोन टोकं आपसांत बदलायची. रनिंगची बदलली तरी चालेल. दोन्हींची एकदम बदलली तर काहीच होत नाही, कारण दोघांचं एकमेकांशी नातं तेच राहतं. प्लग उलटा खोचून मोटार का ऐकत नाही याचं उत्तर हेच. प्लग दोन्हींना एकदम उलटतो. ही एवढीच गोष्ट, पण ती ज्याला कळली त्याला मोटार कळली असं नाना मानत. दुकानात नवा पोरगा आला की ते त्याला चार टोकं बाहेर काढलेली मोटार द्यायचे, टेस्ट लॅम्प द्यायचे आणि निघून जायचे. लॅम्प ज्या जोडीवर जास्त उजळ ती रनिंग, किंचित मंद ती स्टार्टिंग. छोट्या मोटारीत फरक डोळ्याला कळतो, मोठ्या मोटारीत कळत नाही, तिथं मीटर लावून ओहम बघावे लागतात किंवा टोकाशी तारेची जाडी चिमटीत धरून पाहावी लागते. माझी चिमूट अजून चुकत नाही.

वायंडिंग भरताना तर दिशा आधीच ठरवून भरतो. स्टार्टिंगच्या पोलपासून शेजारच्या त्याच जातीच्या रनिंग पोलकडं रोटर जातो. उत्तरेकडून उत्तरेकडं. म्हणून जळालेली मोटार उघडली की तार कापायच्या आधी आम्ही कागदावर काढून घेतो: खाचा किती, कॉइलचा पिच किती, वेढे किती, तारेचं गेज काय, आणि कोणतं टोक कोणत्या टोकाला जोडलं होतं. त्या कागदांच्या वह्या हीच या धंद्याची पोथी. भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या प्रत्येक जुन्या वायंडिंगवाल्याकडं अशा तेलकट वह्या आहेत. कारखान्याच्या माहितीपत्रकात नसलेली कितीतरी माहिती त्यांत आहे. त्यांची कुणी नोंद ठेवली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पंख्याची गोष्ट घराघरात माहीत असेल. दुरुस्तीहून आलेला पंखा जोरात फिरतो आणि खाली वारा येत नाही. तो उलटा फिरत असतो, वारा छताला मारत असतो. आपल्याकडचे छताचे पंखे खालून बघताना घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात, पात्यांचा कल त्या हिशेबानं दिलेला असतो. पंख्यात रोटर बाहेर आणि वायंडिंग आत. ती भरताना किंवा बाहेरची जोडणी करताना स्टार्टिंगची टोकं फिरली की असं होतं. अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ज्या टोकात आहे त्या वायंडिंगची टोकं बदलली की वारा खाली. कूलरच्या छोट्या पंपाचं मात्र हे जमत नाही. त्यात स्टार्टिंग वायंडिंगच नसते, पोलच्या एका कोपऱ्यात तांब्याचं कडं बसवलेलं असतं, आणि रोटर नेहमी त्या कड्याच्या बाजूला वळतो. तारांचा कितीही खेळ करा, तो ऐकणार नाही. उलटा हवा असेल तर पत्र्यांचा गठ्ठा सोडवून तोंडाची बाजू पाठीला करून बसवावा लागतो.

दिशा बदलण्याचं खरं काम उन्हाळ्यात रसवंतीवाले आणायचे. ऊस अडकला की चरक मागं फिरवावा लागतो. त्यांना रिव्हर्स-फॉरवर्डचा स्विच बसवून द्यायचा, ज्यात स्टार्टिंगची दोन टोकं आडवी बदलतात. त्यांची एकच तक्रार: चालू मोटारीवर स्विच फिरवला तरी मोटार पुढंच जाते. जाणारच. वेग तीन-चतुर्थांशाच्या आसपास गेला की आतला सेंट्रीफ्युगल स्विच स्टार्टिंगला तोडून टाकतो. त्यानंतर मोटार निव्वळ रनिंगवर असते, आणि फिरत्या रोटरला दिशा विचारणारं आत कुणी उरलेलं नसतं. मोटार पूर्ण थांबू द्यायची, आतला स्विच कट्कन परत बसल्याचा आवाज ऐकायचा, मग उलटा फिरवायचा. एका कानानं गिऱ्हाईक आणि दुसऱ्या कानानं तो कट् ऐकणारे रसवंतीवाले मी पाहिलेत. कडबाकुट्टीचंही तसंच. पाती उलटी गेली की वैरण आत ओढली जात नाही, तोंडावर परत येते, आणि तिथं घाई करणाऱ्याची बोटं जातात. कुट्टीची दिशा गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवल्याशिवाय मी मोटार कधी दिली नाही.

2005 नंतरची वर्षं आमच्या धंद्याला सगळ्यात मोठं वळण देणारी होती. त्या वर्षी जूनमध्ये विद्युत मंडळाचे भाग पडले आणि वीज वाटणारी महावितरण वेगळी झाली. भारनियमन कडक होतं. खेड्यांत दिव्यांना वीज मिळावी पण त्याच तारेवर पंप चालू नयेत म्हणून सिंगल फेजिंगची योजना आली. अक्षय प्रकाश योजनेत गावं संध्याकाळी पंप न चालवण्याचं वचन देत, मग गावठाणाचे फीडर शेतीपासून तोडले जाऊ लागले. थ्री फेज ठरल्या वेळी काही तास, तीही कधी रात्री, आणि सिंगल फेज पुष्कळ वेळ, अशी वाटणी झाली. तेव्हा उभं पीक वाळताना बघून शेतकऱ्यांनी आमच्याकडून शिकलेली युक्ती शेतात नेली. थ्री फेज मोटारीच्या तिसऱ्या टोकाला कंडेन्सर लावून ती अपुऱ्या फेजवर ओढायची. चांगलं की वाईट? मी सरळ सांगतो, वाईट. मोटार तापते, डीपीवर भार वाकडा पडतो, डीपी जळते, आणि मग चाळीस घरांची वीज जाते. पण रात्री दोनला विंचवाकाट्यातून स्टार्टरपाशी जाणाऱ्या माणसाला मी हे सांगायचो तेव्हा शब्द नीट फुटत नसत.

त्या जुगाडात दिशेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कंडेन्सर मोकळ्या टोकाशी आणि आलेल्या एका फेजशी जोडला तर मोटार एका अंगानं, दुसऱ्या फेजशी जोडला तर दुसऱ्या अंगानं. बोअरमधला सबमर्सिबल पंप दिसत नाही. तो उलटा फिरतोय हे कळायला दोनच मार्ग: पाण्याची धार आणि अँपियरचा काटा. दोन्हीकडं फिरवून पाहायचं, धार जास्त ती सुलटी. अंधारात बॅटरीच्या उजेडात धार बघून दिशा ओळखणारे शेतकरी आमच्या तालुक्यात तयार झाले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना फेरारिसचं नाव कधी ऐकावं लागलं नाही.

गावठाणात सिंगल फेज टिकून राहू लागल्यावर मागणी पालटली. घरगुती चक्की, दोन हॉर्सपॉवरची कुट्टी, शेवयांचं यंत्र, घरच्या बोअरची एक हॉर्सपॉवरची मोटार. दुकानात थ्री फेज मोटारींच्या रांगेत सिंगल फेज दिसायची, ती रांगच उलटून गेली. बायका चक्कीची मोटार घेऊन यायला लागल्या. एका ताईंनी महिनाभरात चार टोकांची ओळख शिकून घेतली आणि पुढं त्या आपल्या गल्लीतल्या चक्क्यांची दिशा स्वतःच लावून देत. दिशा बदलणं पुन्हा एकदा गिऱ्हाइकाच्या हातात येतंय, असं तेव्हा वाटलं.

पण तसं झालं नाही. हल्ली पुष्कळ मोटारी तीनच तारा बाहेर काढून येतात. रनिंगचं एक टोक आणि स्टार्टिंगचं एक टोक आतल्या आत जोडून, वॉर्निश मारून, बंद. कॉमन, स्टार्टिंग, रनिंग. अशा मोटारीची दोन्ही वायंडिंगं अगदी सारखी असतील, कपडे धुण्याच्या मशीनसारखी, तर कंडेन्सर एका टोकावरून दुसऱ्या टोकावर नेला की दिशा बदलते. सारखी नसतील, तर मोटार फोडून तो आतला जोड शोधावा लागतो, उकलावा लागतो, चौथं टोक बाहेर काढावं लागतं. एका जास्तीच्या वायरची किंमत काहीच नाही. माझं ठाम म्हणणं आहे की प्रत्येक सिंगल फेज मोटारीची चारही टोकं टर्मिनल प्लेटवर आणलीच पाहिजेत, आणि झाकणाच्या आत उलट्या-सुलट्या जोडणीचं चित्र चिकटवलं पाहिजे. जुन्या मोटारींत ते असायचं. माझ्या दुकानातून भरून गेलेल्या मोटारीत ते आजही असतं. तीन तारांची आली तर ती चार तारांची होऊन जाते.

आता सौर पंप आलेत. 2019 ची केंद्राची कुसुम योजना आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना, दोन्हींची पॅनेलं गिरणाकाठी उन्हात चमकताना दिसतात. रात्रीची पाळी सुटली याचा आनंद मला शेतकऱ्याइतकाच आहे. त्या पंपाची दिशा कंट्रोलर ठरवतो. थ्री फेजची मोटार असली तर कंट्रोलरच्या पुढच्या दोन तारा बदलून काम होतं, बिनब्रशच्या डीसी मोटारीत ते काम कार्डावरचं सर्किट करतं आणि कार्ड बिघडलं की अख्खं बदलतात. दुकानात शिकायला येणाऱ्या मुलाला मी तरी पहिल्या दिवशी चार टोकांचीच मोटार देतो. आधी कंडेन्सर बल्बावर रिकामा करून घ्यायचा, कारण मेन बंद असला तरी तो झटका देतो. मग लॅम्प किंवा मीटर लावून दोन जोड्या पाडायच्या, रनिंगला खूण करायची, शाफ्टच्या बाजूनं बघून दिशा लिहायची, स्टार्टिंगची टोकं बदलायची आणि पुन्हा दिशा लिहायची. दोन्ही नोंदी विरुद्ध आल्या की त्याला वही मिळते, आणि पहिल्या पानावर तो हीच मोटार उतरवतो: खाचा, पिच, वेढे, गेज, जोड.